कौतिकनानांची झोपेची फेरी

धुळ्याच्या देवपुरात कोणाचं पोर दुपारी झोपत नसलं, की आधी आजी दृष्ट काढते, मग आई मोबाइलवर शोधते, मग बाप डॉक्टरांना फोन करतो. सगळं करून हात टेकले, की शेजारची कोणीतरी म्हणते, "अहो, कौतिकनानांच्या रिक्षात घालून एक फेरी मारून आणा ना!"

कौतिकनाना म्हणजे साठी उलटलेला, मिशीला मेंदी लावणारा आणि खाकी शर्टाची वरची दोन बटणं बारा महिने उघडी ठेवणारा माणूस. पस्तीस वर्षं रिक्षा चालवतात. चार वर्षांपूर्वी एक बाई किंचाळणारं बाळ घेऊन लसीकरणाला निघाली आणि दवाखाना येईपर्यंत बाळ गाढ झोपलं. सुई टोचली तेव्हा कुठे जागं झालं. बाईनं ही बातमी गल्लीत सांगितली, आणि गल्लीत सांगितलेली बातमी देवपुरात पसरायला काय वेळ लागतो? तेव्हापासून रोज दुपारी तीनला नानांची 'झोपेची फेरी' निघू लागली. नकाणे रोडनं तलावापर्यंत जायचं, वळायचं आणि परत. जाताना पोराच्या रडण्यापुढे हॉर्न ऐकू येत नसे. येताना मागे चिडीचूप. पुष्कळदा पोराची आईसुद्धा तोंड उघडं टाकून झोपलेली असे.

"गाडीचा गुण आहे हो," नाना स्टँडवर छाती फुगवून सांगत. "असं इंजिन आता बनतच नाही. माझी गाडी म्हणजे पाळणा आहे पाळणा!" दसऱ्याला बाकीचे रिक्षाला एक हार घालत, नाना दोन घालत. एक दिवसासाठीसुद्धा कोणाला चालवायला देत नसत.

नानांना आणखी एक गुण होता, त्याला घरात अवगुण म्हणत. नाना बोलत. म्हणजे बोलतच. आणि विषय एकच, कुठल्या जागेवर आधी काय होतं.

"हे मेडिकल दिसतंय ना ताई, इथं आधी पिठाची गिरणी होती. गिरणीच्या आधी झुलालचं सायकलचं दुकान. झुलाल म्हणजे लंगडा झुलाल नव्हे, दुसरा. त्याच्या आधी इथं बोरीचं झाड होतं. नाही नाही, थांबा. बोर पलीकडे होती, इथं बाभूळ. म्हणजे झुलाल आला तेव्हा बाभूळ होती का? हां, नव्हती. चुकलंच माझं, पहिल्यापासून सांगतो."

आता आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला समोरून हुंकार लागतो. ऐकणाऱ्यानं मधूनमधून 'हं' म्हणायचं, तेव्हा सांगणाऱ्याची गाडी पुढे सरकते. नानांना आयुष्यात धड हुंकार मिळाला नव्हता. पहिला 'हं' यायचा, दुसरा यायचा, तिसऱ्याच्या जागी जांभई यायची.

लेकीला, रोहिणीला, बघायला नशिराबादचे पाहुणे आले तेव्हाची गोष्ट तर अख्ख्या भावकीत गाजली. नानांनी व्याह्यांना शेजारच्या प्लॉटमधल्या बोअरचा इतिहास सांगायला घेतला. दुसऱ्यांदा पाणी कितीव्या फुटाला लागलं तिथपर्यंत आले, तर व्याही पोह्यांची ताटली हातात धरून घोरत होते! स्थळ जमलं ते जमलंच. पण पाहुणे गेल्यावर नानांच्या बायकोनं, सुनंदाबाईंनी, कंबरेवर हात ठेवून फर्मान काढलं, "तुमनं तोंड शे का रेडिओ? आजपासून घरमा बंद!"

सुनंदाबाईंचा राग एवढ्यावरचा नव्हता. तो अठ्ठावीस वर्षांचा जुना होता. रोहिणी जन्मली तेव्हा हाच बडबड्या माणूस दवाखान्यात आला, बायकोकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि नऊ दिवस एक शब्द बोलला नाही. अख्खं देवपूर म्हणालं, मुलगी झाली म्हणून कौतिकनं तोंड पाडलं. सुनंदाबाईंनीही तेच धरलं. पुढे नानांनी त्याच मुलीला खांद्यावर बसवून वाढवलं, ते सगळं खरं. पण अढी ती अढीच. नाना कधी घरात रंगात आले, की सुनंदाबाईंचं एक वाक्य ठरलेलं असे. "बोलाना टाईमले तर दातखीळ बसनी व्हती!" मग नाना मुकाट्यानं बाहेर जाऊन रिक्षा पुसत.

तर ती रोहिणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली, बारसं झालं, घरात सगळे तिला चिमी म्हणू लागले. तिसरा महिना लागला, आणि चिमीनं झोपणं सोडलं. रात्री कशीबशी तुकड्यातुकड्यांनी झोपे, पण दिवसा डोळ्याला डोळा नाही. झोळीत घातली की ताठ होई, मांडीवर घेतली की कमान होई. आणि पोर झोपत नाही म्हटल्यावर आई कुठली झोपते?

रोहिणीनं मोबाइलवर एका बाईचं ऐकलं, घर शांत ठेवा. झालं! खिडक्यांना चादरी लागल्या. दारावरच्या बेलला फडकं बांधलं. कुकरच्या शिट्ट्या बंद झाल्या. भरीत कुटायची लाकडी बडगी माळ्यावर गेली. बडगीत कुटल्याशिवाय भरीत? सुनंदाबाई वांगं हातानं कुस्करत आणि नाना ते बेचव भरीत मान खाली घालून खात. भोंगा लावून येणाऱ्या भाजीवाल्याला सुनंदाबाई गल्लीच्या तोंडाशीच गाठत आणि हात जोडून परत पाठवत. नानांना तर घरात चप्पल काढून, चवड्यांवर चालून यायचा हुकूम होता. रिक्षाच्या आवाजाचं आणि तोंडाचं तर विचारूच नका.

तरी चिमी टक्क जागी.

रविवारी नशिराबादहून रोहिणीची सासू, बेबाबाई, तिला न्यायला येणार होती. बेबाबाई स्वभावानं गरीब. पण घर चौदा माणसांचं, तिथं दारं बंद करून कोण बसणार? सोमवारी दुपारी रोहिणी आईच्या गळ्यात पडून रडली. "आई, मी तिकडे जाऊन काय करू? मला आईपण जमतच नाही गं. हिला साधं झोपवता येत नाही मला." डोळ्यांखाली काळी वर्तुळं, चार घासांच्या वर जेवण जात नव्हतं. नाना दाराआडून ऐकत होते. सगळ्या देवपूरची पोरं झोपवतो आपण, आणि आपल्या लेकीवर ही वेळ?

"उद्या तीनला तयार राहा," नाना चवड्यांवर आत येऊन कुजबुजले. "तलाव यायच्या आत नाही झोपली, तर मिशी काढून टाकीन."

मंगळवारी तीनला रोहिणी चिमीला घेऊन रिक्षात बसली. बसल्या बसल्या म्हणाली, "नाना, एक हात जोडते. बोलू नका. जराशी डुलकी लागली तर तुमच्या आवाजानं उठेल."

"छे छे, माझं काय," नाना म्हणाले आणि ओठ घट्ट मिटले.

अहो, काय सांगू! तलाव आला, चिमी रडतेय. वळले, चिमी रडतेय. स्टँडवरून परत जाताना तर तिनं असा सूर लावला, की चहा पिणारे रिक्षावाले कप तसेच धरून उभे राहिले. झोपेच्या फेरीत रडत परत आलेलं हे पहिलं पोर, आणि ते नानांच्या स्वतःच्या घरचं! मिशीची पैज नानांनी सकाळीच स्टँडवरही सांगून टाकली होती. कोणीतरी हळूच विचारलं, "नाना, मिशी कधी?" नानांनी गाडी तशीच पुढे दामटली.

नानांनी सगळा दोष इंजिनवर घातला. पिंटू मिस्तरीकडे रिक्षा नेली आणि म्हणाले, "आवाज बदललाय. ह्याच्यात पूर्वी झोप होती, ती गेलीय. बघ कुठे गेली."

पिंटूनं तीसेक वर्षांत रिक्षातून पुष्कळ काही गेलेलं पाहिलं होतं, पण झोप गेलेली पहिल्यांदाच. त्यानं कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलला, सायलेन्सर सोडून परत बसवला. नाना शेजारी डोळे मिटून उभे राहिले आणि आवाज ऐकून म्हणत राहिले, "अजून नाही. थोडा जाड कर. हां, आता पातळ झाला." शेवटी पिंटू वैतागून म्हणाला, "नाना, मी मिस्तरी शे, तबलजी नही!"

बुधवारी परत फेरी. रोहिणीचं तेच, "बोलू नका." चिमीचं तेच. येताना रोहिणीही रडत होती. नानांना आरशात दिसत होतं, आणि तोंड उघडायची बंदी असल्यामुळे लेकीची समजूतसुद्धा काढता येत नव्हती.

गुरुवारी तीनला मेघाताईंची पाळी होती. मेघाताई शाळेत शिकवत, सध्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या. त्यांचा पाच महिन्यांचा गुंड्या नानांचं नेहमीचं गिऱ्हाईक. दोघं रिक्षात बसले. नानांनी हँडल ओढलं, इंजिन खोकून गप्प झालं. परत ओढलं, तेही गेलं. दहा वेळा ओढलं. पिंटूनं झोप शोधता शोधता इंजिनच घालवून ठेवलं होतं. मागे गुंड्यानं भोकाड पसरलं.

नाना पुरते ओशाळले. "ताई, माफ करा हं. काय झालंय सांगतो. हा प्लग आहे ना, हा मूळचा नाही. मूळचा होता तो मी घेतला तेव्हा दुकान पुलापाशी होतं. आता तिथं मोबाइलचं झालंय. मोबाइलच्या आधी तिथं रसवंती होती, बैलाची. बैल म्हणजे दोन नव्हते, एकच होता. आधी दोन होते, मग एक राहिला. नाही, थांबा, एकच होता, दुसरा नंतर आणला..."

बैलांचा हिशोब लागेपर्यंत नानांच्या लक्षात आलं, की मागे सामसूम आहे. वळून बघितलं. गुंड्या झोपला होता. गाडी जागची हललेली नव्हती आणि इंजिनाचा आवाज तर नव्हताच.

"आँ!" नाना म्हणाले. "गाडी बंद असताना?"

मेघाताईंनी जांभई आवरली आणि पदराआड हसल्या. "नाना, गाडीनं कुठलं पोर झोपतंय? गाड्या काय देवपुरात कमी आहेत? झोपतं ते तुमच्या बोलण्यानं. एका सुरात, न थांबता, आणि सगळं असं सावकाश गोल गोल फिरत असतं. मीसुद्धा ऐकता ऐकता झोपते."

"म्हणजे... हे सगळ्यांना माहीत आहे?"

"बठ्ठा देवपूरले माहीत शे, नाना."

नानांचा चेहरा पडला. चार वर्षं त्यांना वाटत होतं, बाया फेरी गाडीसाठी घेतात आणि जाता जाता आपलं ज्ञानही ऐकतात. इतिहास सांगतोय आपण, देवपूरचा इतिहास! आणि लोक त्याचं झोपेचं औषध करून बसले! नानांना एवढा राग आला, की मेघाताईंना उतरवून, पिंटूलाही न बोलावता, एकट्यानं रिक्षा ढकलत घरी नेली. वाटेत भेटलेल्या एकाशीही बोलले नाहीत. गुरुवार गेला, शुक्रवार गेला, नाना गप्प. तीनची फेरी बंद. सुनंदाबाईंना वाटलं, हुकूम बरा पाळताहेत.

शनिवारी दुपारी जेवणं झाली. उद्या बेबाबाई येणार, म्हणून पिशव्या भरून ठेवल्या होत्या. झोळीत चिमी किंचाळत होती आणि झोळीची दोरी धरून रोहिणी हमसून हमसून रडत होती. सुनंदाबाई स्वयंपाकघरात भांडी घासायच्या थांबल्या होत्या. नाना ओट्यावरून उठले, दारात आले, परत फिरले, परत आले. एकीकडे अब्रू होती, दुसरीकडे लेक. नानांनी मनातल्या मनात मेघाताईंना एक शिवी दिली आणि आत गेले.

"दे दोरी इकडे."

"नाना, काही उपयोग नाही..."

"ऐक. सगळ्या गावाला ठाऊक झालंय, तुलाही कळू दे. गाडीनं पोरं झोपत नाहीत. माझ्या बोलण्यानं झोपतात. मी बोलायला लागलो की माणूस झोपतो, असा माझा लौकिक आहे म्हणे." नाना हे सांगताना इतके रागावले होते, की रोहिणीला रडता रडता हसू फुटलं. आठवड्यात पहिल्यांदा हसली पोर. मोबाइल काढून तिनं रेकॉर्डिंग चालू केलं आणि उशीपाशी ठेवला. "बोला, नाना. जमलं तर मला तिकडे लागेल." आणि ती तिथंच चटईवर आडवी झाली.

नानांनी दोरी धरली. घसा खाकरला. घरात बोलायची इतक्या वर्षांची सवय नव्हती, सुरुवातीला शब्दच सापडेना. मग सापडला. "आपलं हे घर आहे ना, इथं आधी नुसतं कुंपण होतं. निवडुंगाचं. निवडुंगाच्या आधी..."

चिमी रडायची थांबली. निवडुंग संपून विहीर आली, विहिरीवरचा रहाट आला, रहाट कोणाचा होता त्यावरून दोन भाऊ भांडले, ते भांडण आधीचं की रहाट आधीचा हे ठरेना, आणि झोळीतली मूठ हळूच सैल झाली. चिमी झोपली. चटईवर रोहिणी तिच्याही आधी झोपली होती, तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. लहानपणी तरी तिनं नानांची एक गोष्ट कुठे शेवटपर्यंत ऐकली होती?

नाना थांबले. लगेच झोळी चुळबुळली. नाना घाईघाईनं पुन्हा सुरू झाले. विहीर संपली, गल्ली संपली, देवपूर संपलं. पांझरेच्या दोन्ही काठांवर आधी काय काय होतं तेही संपलं. आता काय सांगायचं? नाना लेकीच्या तोंडाकडे बघत होते. झोपलेल्या माणसाला काही सांगितलं तर ते सांगितल्यात जमा होतं थोडंच?

"तू झालीस ना रोहिणी," नाना त्याच एका सुरात म्हणाले, "तेव्हा दवाखान्याच्या जागी तोच दवाखाना होता. दुपारी डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, आईचं आणि बाळाचं, दोघांचंही काही सांगता येत नाही. मी तसाच पळत एकवीरा आईच्या देवळात गेलो. नवस काय बोलावा? माझ्यापाशी काय होतं तेव्हा? रिक्षा भाड्याची, खिसा फाटका. लोक आवडीची वस्तू सोडतात, कोणी गोड सोडतं, कोणी विडी सोडतं. मला एकच आवडतं. मी म्हटलं, आई, दोघांना सुखरूप सुटू दे, नऊ दिवस तोंडातून शब्द काढणार नाही. परत येतो, तर तू झालेली. तुझी आई डोळे उघडून माझ्याकडे बघतेय, मी काही बोलेन म्हणून. काय काय बोलायचं होतं गं मला! पोटात मावत नव्हतं. पण तोंड दाबून उभा राहिलो. लोक म्हणाले, मुलगी झाली म्हणून. म्हणू दे म्हटलं. नवस सांगितला तर फळ जातं, असं माझी माय सांगायची. दहाव्या दिवशी बोलायला गेलो, तर तुझ्या आईनं तोंड फिरवलं. मग राहिलंच ते..."

"हं."

नाना दचकले. दारात सुनंदाबाई उभ्या होत्या. हातात राखेनं माखलेलं भांडं तसंच होतं, डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आयुष्यात नानांना पहिला खरा हुंकार मिळाला होता, आणि नेमकं त्याच वेळी नानांना पुढचं काही आठवेना.

झोळी हलली. सुनंदाबाई भांडं खाली ठेवून नानांच्या शेजारी येऊन बसल्या आणि दोरीला हात लावला. "थांबू नका," त्या कुजबुजल्या. "मंग? पुढे काय व्हयनं?"

रविवारी रोहिणी नशिराबादला गेली. निघताना ती पाच तास सलग झोपलेल्या माणसासारखी दिसत होती, कारण झोपलीच होती तेवढी. माळ्यावरची बडगी खाली आली. सुनंदाबाईंनी भरीत असं धाडधाड कुटलं, की शेजारचे विचारायला आले.

आठ दिवसांनी रोहिणीचा फोन आला. स्पीकर लावला होता, आवाज खणखणीत होता. "नाना, रोज दुपारी तुमचं रेकॉर्डिंग लावते. चिमी निवडुंगाला झोपते, मी विहिरीला. सासूबाईही परवा रहाटापाशी झोपल्या, तव्यावर पोळी तशीच! मला वाटायचं मला जमत नाही, आता सगळं जमतंय. फक्त एक आहे नाना, रेकॉर्डिंग खूप लांब आहे आणि शेवटी काय आहे ते अजून कोणालाच माहीत नाही. तिथपर्यंत घरात कोणी जागंच राहत नाही. काय आहे हो शेवटी?"

नानांनी सुनंदाबाईंकडे बघितलं. सुनंदाबाईंनी पदरानं हात पुसले आणि त्यांच्या हातातून फोन घेतला.

"राहू दे, बेटा," त्या म्हणाल्या. "तेवढं मी तेव्हाच ऐकेल शे."